भंडारदऱ्याचा वळसा

अमेरिकेत ब्लू रिज पार्कवे नावाचा सुमारे ७५५ किलोमीटरचा रस्ता आहे. १९३५ साली काम सुरू झालं, १९८७ साली संपलं. मालाच्या ट्रकना तिथं बंदी आणि वेग ताशी ७२ किलोमीटरच्या आत. तो बांधलाच मुळी डोंगर बघत जाण्यासाठी.

अहिल्यानगर जिल्ह्यात असा मुद्दाम बांधलेला रस्ता नाही. पण अकोले तालुक्यात भंडारदरा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता त्याच जातीचा. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. शेंडीहून निघायचं, मुतखेल, कोलटेंभे, मग रतनवाडी. इथलं अमृतेश्वराचं कोरीव मंदिर गाडीतून बघून भागत नाही, उतराच. पुढे साम्रदची सांदण दरी आणि घाटघर, जिथं कडा तुटतो आणि खाली कोकण दिसतं. परतताना उडदावणे, पांजरे, मुरशेत.

मेअखेर, पावसाच्या तोंडावर, या रस्त्याकडेच्या हिरडा-बेहड्यांवर काजवे लखलखतात आणि गाड्यांची रीघ लागते. काजव्याचं चमकणं म्हणजे नरानं मादीला घातलेली साद. तिचं उत्तरही उजेडातच. गाडीच्या प्रखर दिव्यांत ही बोलाचाल बुडून जाते, जोड्या जुळत नाहीत. बघायला आलेली गर्दीच मग काजव्यांच्या मुळावर येते. म्हणून उजेड असतानाच पोचा, गाडी गावात लावा, झाडांपर्यंत पायी जा. वनखात्यानं घातलेली वेळ पाळा. बॅटरी लागलीच, तर झोत पायाशी ठेवा. झाडावर मारू नका.