प्रशिक्षकाचे मन आणि धावफलकाचा आरसा

पेण आणि रोहा तालुक्यांत थंडीच्या दिवसांत रात्री प्रकाशझोतात कबड्डीचे सामने रंगतात, तेव्हा मैदानाभोवती बसलेल्यांपैकी बरेच जण कधी ना कधी स्वतः मातीत उतरलेले असतात. त्यामुळे येथील प्रेक्षक चढाईला दाद देताना जितका जाणकार, तितकाच प्रशिक्षकाचा निवाडा करताना निष्ठुर असतो. गावाचा संघ दोन-तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत गारद झाला की चर्चा चुकलेल्या पकडींवरून प्रशिक्षकाच्या मनावर येऊन ठेपते. ‘तो आतून हरला आहे’, ‘पूर्वीची ईर्षा राहिली नाही’, असे निदान सकाळच्या दिवा-रोहा गाडीत कोणीही करतो. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून हीच नजर दूरचित्रवाणीवरील प्रशिक्षकांवरही रोखली गेली आहे. टाइम-आउटमधील त्यांचे बोलणे घरबसल्या ऐकू येते आणि अर्ध्या मिनिटाच्या त्या बोलण्यावरून माणसाची मानसिकता ठरवली जाते.

हे निदान कितपत भरवशाचे? बी. सी. रमेश यांची कारकीर्द त्यासाठी तपासण्यासारखी आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगाल वॉरियर्सने २०१९ मध्ये विजेतेपद पटकावले. पुढच्याच, म्हणजे २०२१-२२ च्या मोसमात तो संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. रमेश पुणेरी पलटणकडे आले. २०२२ च्या अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी हरली, मात्र १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रथमच विजेती ठरली. त्याच वर्षाच्या अखेरच्या मोसमात पलटण पुन्हा बाद फेरीबाहेर राहिली. मार्चमध्ये ज्याच्या शांतपणाचे कौतुक व्हावे, त्याच्याच शांतपणाला डिसेंबरमध्ये उदासीनता म्हटले जावे, हा प्रेक्षकांचा जुना शिरस्ता आहे. प्रत्यक्षात मोसमाच्या मध्यावर कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने संघाबाहेर गेला होता. ज्या चढाईपटूभोवती डावपेचांची मांडणी असते तोच गेला, तर प्रशिक्षकाने कितीही ईर्षा बाळगली तरी गुण कोण आणणार?

पेण-रोह्याच्या प्रेक्षकाची गफलत मात्र आणखी एका ठिकाणी होते. तिचे मूळ अज्ञानात नसून अनुभवात आहे. गावोगावच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला तो घरी गेला. पाच गुणांनी हरला की पंचवीस, याला अर्थ नाही. या संस्कारात वाढलेल्या माणसाला शेवटच्या दोन मिनिटांत सहा गुणांनी पिछाडीवर असलेला संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढताना दिसला की संताप येतो. ‘प्रशिक्षकानेच हत्यार टाकले’ हा निष्कर्ष त्याला स्वयंसिद्ध वाटतो. परंतु प्रो कबड्डीच्या साखळीत २०२४ च्या मोसमापर्यंत विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी झालेल्या पराभवालाही एक गुण मिळत असे. सहाची पिछाडी राखली तर तो एक गुण पदरात पडे. धाडसी चढाईत चढाईपटू बाद होऊन लोण चढला तर तोही हातचा जाई. म्हणजे ज्याला भित्रेपणा म्हटले गेले तो पुष्कळदा साधा हिशेब होता. २०२५ मध्ये पद्धत बदलली. विजयाला दोन गुण आणि पराभवाला शून्य झाल्यावर हिशेबही बदलला. प्रशिक्षकांची मने एका रात्रीत शूर झाली, असे म्हणण्याचे कारण नाही.

फुटबॉलमध्ये हा खेळ शतकभर चालू आहे. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्याच मैदानावर त्यांना निरोप देणारा फलक झळकला. १९९० च्या मे महिन्यात त्यांनी एफए चषक जिंकला आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेरा लीग विजेतेपदे मिळवली. अर्थात, प्रत्येक टीकापात्र प्रशिक्षकात फर्ग्युसन दडलेला नसतो. याहून बोलका आहे तो डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांचा अभ्यास. नेदरलँड्समधील अव्वल लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील निकालांची त्यांनी छाननी केली. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो हे खरे. पण तशाच घसरणीतून गेलेले आणि प्रशिक्षक न बदललेले संघही जवळपास तितकेच सुधारले होते. अतिशय वाईट काळानंतर कमी वाईट काळ येणे स्वाभाविकच असते. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळते.

पुणेरी पलटणने २०२५ मध्ये अजय ठाकूर यांना प्रशिक्षक नेमले. इनामदारही परतला होता. संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि ३१ ऑक्टोबर रोजी दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा हरला. रमेश यांचे बंगळुरू बुल्सही त्याच मोसमात बाद फेरीत खेळले. बदल योग्य ठरला म्हणावे, तर ज्याला बदलले तोही अपयशी ठरला नाही.

मग प्रेक्षकाने काहीच बोलू नये काय? तसे नाही. निर्णय डोळ्यांना दिसतात. त्यांवर जरूर बोलावे. तिसऱ्या, म्हणजे गुण न आणल्यास चढाईपटू बाद होणाऱ्या चढाईला कोणाला पाठवले, टाइम-आउट लोण चढण्याआधी घेतला की नंतर, एका सामन्यात अपयशी ठरलेल्या नवोदिताला पुढच्या सामन्यात संधी मिळाली का, या गोष्टी चार-सहा सामने पाहिल्यावर प्रशिक्षकाविषयी बरेच सांगून जातात.

अडचण ही, की गावच्या संघाला तेवढे सामनेच मिळत नाहीत. तीन स्पर्धांत पहिल्या फेरीत बाद म्हणजे एकूण सामने तीन, आणि त्यांत एखाद-दुसरा पराभव दोन गुणांचाही असू शकतो. एवढ्या पुराव्यावर बहुधा विनामोबदला शिकवणाऱ्या जुन्या खेळाडूला बाजूला सारले जाते. त्याची झळ मुलांनाही बसते. पोलीस, रेल्वे किंवा बँकांच्या संघांत कबड्डीच्या बळावर नोकरी मिळवण्याची त्यांची आशा असते, आणि नव्या प्रशिक्षकासमोर त्यांना सरावाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.