तोलावर चालणारे यंत्र

भिवंडीच्या आसमंतात मुंबईच्या व्यापाराचा भार वाहणारी जी विस्तीर्ण गुदामे उभी राहिली आहेत, त्यांतील मालाची चढउतार ज्या यंत्रावर आज मुख्यत्वे अवलंबून आहे, ते फोर्कलिफ्ट दिसावयास ओबडधोबड असले, तरी त्याचे सारे सामर्थ्य एका नाजूक तोलावर उभे आहे. पुढे काट्यांवर माल, मागे ओतीव लोखंडाचा काउंटरवेट आणि दोहोंच्या मध्ये टेकू म्हणून पुढच्या चाकांचा आस, अशी ही रचना म्हणजे चाकांवर चढविलेला तराजूच होय. भार मर्यादेपलीकडे गेला की मागची चाके जमिनीवरून सुटू लागतात, आणि यंत्र वळते ते याच चाकांच्या आधारे असल्यामुळे चालकाचा ताबाही त्याच क्षणी नाहीसा होतो.

यंत्रावरील क्षमतापट्टीवर दोन टन असा आकडा असला, तरी भाराचा मध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून बहुधा ५०० मिलिमीटरवर असेल, तेव्हाचाच तो आकडा असतो. पेटी लांब असून तिचा मध्य पुढे सरकला, तर यंत्राची क्षमता घटते. भार उंच धरून वळण घेणाऱ्याला बाजूस कलंडण्याचे भय असते, म्हणून माल जमिनीलगत ठेवून व मास्ट, म्हणजे काटे ज्यावर वरखाली सरकतात तो उभा सांगाडा, मागे झुकवून चालविण्याचा दंडक आहे. यंत्र कलंडूच लागले, तर पट्टा बांधलेल्या चालकाने उडी न मारता आसनाला घट्ट धरून राहावे, कारण उडी मारणारा पुष्कळदा त्याच यंत्राखाली सापडतो.

पाळीच्या आरंभी करावयाच्या तपासणीचे महत्त्व या तोलामुळेच आहे. टायर, ब्रेक, हॉर्न, पट्टा ही तपासणी सर्वपरिचित आहे. परंतु काट्याच्या टाचेकडे, म्हणजे आडवा भाग उभ्याला मिळतो त्या वळणाकडे, विशेष बारकाईने पाहिले पाहिजे. तेथील जाडी दहा टक्क्यांनी झिजली की काटा बाद ठरतो, कारण वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने तेवढ्या झिजेने सुमारे एकपंचमांश बळ गेलेले असते. भार उचलणारी चेन तीन टक्के लांबली की तीही बदलावी लागते. हायड्रॉलिक नळीतील बारीक गळती बोटाने चाचपणे सर्वथा निषिद्ध आहे, कारण दाबाखालचे तेल कातडी भेदून आत शिरते. ती पुठ्ठा धरून शोधावी. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एका ठिणगीने पेटू शकतो. म्हणून ती जागा हवेशीर असावी, तेथे विडीकाडीस सक्त मनाई असावी, आणि डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पुरे झाल्यावरच घालावे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने २९ व्या कलमात भार उचलणाऱ्या यंत्रांची निदान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी अशी तरतूद केली, आणि ती योग्यच होती. परंतु वर्षाच्या दाखल्याने आज सकाळी पडलेली चीर दिसत नाही. ती दिसते रोज त्या आसनावर बसणाऱ्या चालकाला. त्याने नोंदवहीत दोष लिहावा आणि मुकादमाने मात्र गाडी भरावयाची घाई सांगून यंत्र चालू ठेवण्याचा हुकूम द्यावा, असे जेथे घडते, तेथे ती वही केवळ दप्तराची भर ठरते. सबब मालकांनी यंत्र थांबविण्याचा अधिकार चालकास निःसंदिग्ध शब्दांत द्यावा, आणि त्याने तो वापरला म्हणून त्याच्या रोजीस किंवा नोकरीस धक्का लागणार नाही, याची हमी स्वतः घ्यावी.