लाउंजचे तीन हजार

कुटुंबाच्या पानावर विमानतळाचा विषय आलेला पाहून काही वाचक बंधू-भगिनींना हसू येईल. आपले नाते एस.टी.च्या लाल गाडीशी, फार तर रेल्वेच्या जनरल डब्याशी. परंतु गेल्या काही वर्षांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आपल्या घरांतूनही माणसे विमानाने जाऊ लागली आहेत. कोणी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला, कोणी आखातात नोकरीला, तर कोणी म्हातारपणी बुद्धगयेला. आणि विमानतळावर पाऊल ठेवले की खर्चाच्या अशा काही वाटा फुटतात की आपल्या बापजाद्यांना त्यांची कल्पनाही नव्हती. त्यांतलीच एक म्हणजे लाउंज.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सामान दिले, तपासणी झाली, की त्याच्या पुढे आतल्या बाजूला एक वेगळे दालन असते. मऊ खुर्च्या, गार हवा, ताटात पाहिजे तेवढे वाढून घ्यायचे, चहा-कॉफी, फोन चार्ज करायची सोय, स्वच्छ बाथरूम. आत जायचे तर पैसे मोजा, नाहीतर तसे कार्ड दाखवा. दर विमानतळाप्रमाणे बदलतो. देशातल्या प्रवासाच्या बाजूला माणशी हजार ते दोन हजार, परदेशच्या बाजूला त्याहून जास्त, असा साधारण हिशोब धरावा. मी पडलो कारकून, त्यात बी.कॉम., त्यामुळे नात्यागोत्यातले हिशोबाचे प्रश्न माझ्याकडे येतात. हाही असाच आला.

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. माझी बहीण घोडेगावला दिलेली आहे. दाजी मंचरच्या मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांची मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला निघाली. विमान मुंबईहून पहाटे साडेतीनला. आम्ही क्रूझर गाडी ठरवली आणि अकरा माणसे दुपारी एक वाजताच निघालो. एवढ्या लवकर का, असे शहरातला माणूस विचारील. आपल्या भागातला विचारणार नाही. आळेफाट्यावरून कल्याणकडे वळले की पुढे माळशेज घाट, आणि पावसाळ्यात तिथे दरड कधी खाली येईल त्याचा नेम नाही. पुणे-नाशिक रस्त्याने खाली जावे तर चाकणला गाड्यांच्या रांगा. पुण्याचा नवा विमानतळ आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात होणार, असे आपण कितीतरी वर्षे ऐकत होतो. २०१६ साली तो पुरंदरला करायचे ठरले आणि तो विषय आपल्यापुरता संपला. लोहगावला जुलै २०२४ पासून नवी इमारत सुरू झाली आहे. पण तिथून परदेशी जाणारी विमाने मोजकीच. तेव्हा लांबच्या देशी जाणाऱ्याला बहुधा मुंबईच गाठावी लागते.

त्या दिवशी घाट मोकळा होता. पाऊस मात्र असा की गाडीच्या टपावर ताडपत्री बांधताना सगळी भिजली. संध्याकाळी साडेसहाला आम्ही विमानतळावर हजर, आणि सामान घेण्याचा काउंटर उघडणार रात्री बारानंतर.

तिथे एका कठड्याला टेकून बसलो असताना दाजींनी आतल्या खिशातून पाचशेच्या सहा नोटा काढल्या. म्हणाले, "पाव्हणं, यार्डातल्या एका व्यापाऱ्यानं सांगितलंय, आत पैसे भरून बसायची खोली असती. पोरगी ताटकळायला नको. द्यावं का हे? तुम्ही सांगा."

मी तिथल्या तिथे हिशोब मांडला. मुलीला ताटकळायचे होते ते साडेसहा ते बारा, म्हणजे साडेपाच तास. ते सगळे तपासणीच्या अलीकडे, आणि लाउंज तपासणीच्या पलीकडे. म्हणजे जिथे गरज आहे तिथे लाउंज नाही. बारानंतर सामान, पासपोर्टवर शिक्का, अंगाची तपासणी हे होईस्तोवर सव्वा वाजणार, आणि पावणेतीनला विमानात बसायला बोलावणार. हाती उरतो दीड तास. बहुतेक लाउंजमध्ये दोन-तीन तासच बसू देतात, म्हणजे लवकर आत गेली असती तरी रात्रभराची सोय झाली नसती. आणि दाजींना दिवसाला सुटतात सातशे रुपये. दीड तासाच्या खुर्चीसाठी चार दिवसांपेक्षा जास्त पोती वाहायची! मी म्हणालो, "दाजी, नको."

भाचा शेजारीच होता. तो चाकणच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे बँकेचे क्रेडिट कार्ड. तो बहिणीला म्हणाला, "माझं कार्ड घेऊन जा, फुकट सोडतात." पण ज्याच्या नावाचे कार्ड, त्यालाच प्रवेश; भावाच्या कार्डावर बहिणीला सोडत नाहीत. या फुकट शब्दावर जरा थांबायला हवे, कारण आपली कमावती पोरे त्याला भुलतात.

लाउंजची सुरुवात मोठ्या लोकांसाठी झाली. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने पहिली अशी खोली काढली. तिथे बोलावणे असेल त्यालाच प्रवेश होता. पुढे १९९२ मध्ये इंग्लंडात प्रायॉरिटी पास नावाचे कार्ड निघाले, ते असले की कुठल्याही कंपनीच्या विमानाने जाणाऱ्याला ठिकठिकाणच्या लाउंजची दारे उघडली. नंतर बँकांनी ही सवलत आपल्या कार्डांना जोडली. तुम्ही आत जाऊन ताट वाढून घेता तेव्हा लाउंजवाल्याला पैसे बँक देते. आणि बँक ते कुठून आणते? वर्षाच्या फीमधून, दुकानदाराकडून कापलेल्या टक्क्यातून, आणि ज्यांची बाकी थकते त्यांच्या व्याजातून. हे व्याज महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून थोडे जास्त, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या वर जाते. आपल्याकडचा सावकार महिन्याला तीन-चार टक्के घेतो म्हणून आपण त्याच्या नावाने बोटे मोडतो. इथे तोच दर गुळगुळीत कागदावर छापलेला असतो.

त्यातून २०२४ पासून बऱ्याच बँकांनी अटी कडक केल्या. एका मोठ्या खाजगी बँकेने एप्रिल २०२४ पासून कितीतरी कार्डांना अशी अट घातली की आधीच्या तिमाहीत ३५ हजार रुपये खर्च केले असतील तरच लाउंज मिळेल. आमच्या आळीतला एक तरुण नागपूरला निघाला होता. कार्ड घेताना लाउंज फुकट असे त्याला सांगितले होते, म्हणून तो घरून उपाशीच गेला. दारावर यंत्राने कार्ड नाकारले. खर्चाचा आकडा भरला नव्हता. मागे रांगेत माणसे उभी, हा ओशाळला, आणि शेवटी बाहेर येऊन महागडा वडापाव खाल्ला. पुढच्या तिमाहीत आकडा भरावा म्हणून त्याने गरज नसलेला मोबाइल हप्त्याने घेतला. हजार रुपयांच्या जेवणासाठी पंचवीस हजारांचे कर्ज!

कार्डाचाच विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. जनधन खात्यावर मिळणाऱ्या रुपे कार्डाने लाउंज मिळत नाही. पण त्या कार्डावर अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना तो दोन लाखांचा आहे. मात्र अपघाताच्या आधी नव्वद दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. आपल्या घरांत ही कार्डे पत्र्याच्या पेटीत पासबुकात ठेवलेली असतात. महिन्याकाठी शंभर रुपये का होईना, पण त्या कार्डाने काढत जा.

आता खाण्याचे. विमानतळावर चहा-नाश्ता महाग, म्हणून लाउंज परवडतो, असा युक्तिवाद करणारे भेटतात. दोन-अडीचशेचा चहा आणि चारशेचा डोसा धरला तर हिशोब जुळतोही. पण हा हिशोब विकत घेऊनच खाणाऱ्याचा झाला. घरचे खाणे आत नेता येते, हे आपल्या कित्येकांना ठाऊक नसते. भाकरी, चपाती, कोरडी भाजी नेता येते. मासवडीच्या वड्या चालतात, रस्सा चालत नाही. परदेशच्या विमानात हातातल्या पिशवीत कुठलीही पातळ वस्तू शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत घालू नका. त्यात तेल असते, पेट घेण्याचा धोका म्हणून मार्च २०२२ पासून त्यांना बंदी आहे. माझ्या बहिणीने घातल्या होत्या, त्या ऐनवेळी काढून आम्ही गाडीत खाल्ल्या. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणीनंतर आत फुकट भरून घ्यावी.

फुकट पाण्यावरून आठवले. कल्याण ते जुन्नर ही वाट आजची नाही. माळशेजच्या आधी नाणेघाट होता, आणि घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात टाकत असत असे सांगतात. त्या वाटेच्या वरच्या टोकाला, जुन्नरच्या लेण्यांत, दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याच्या दोन पोढी दान दिल्या. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्खुसंघासाठी भोजनमंडप दिला. परमुलखातली ही माणसे, त्यांनी आपल्या डोंगरात पाण्याची आणि जेवणाची सोय दगडात कोरून ठेवली. मुले जुन्नरच्या लेण्यांच्या सहलीला जातात तेव्हा शिक्षकांनी या पोढी दाखवाव्यात.

असो. महागड्या चहाची तक्रार डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेतही झाली. राघव चढ्ढा यांनी तो प्रश्न मांडला. त्याच महिन्यात कोलकात्याच्या विमानतळावर सरकारने दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा देणारे उडान यात्री कॅफे सुरू केले, पुढे २०२५ मध्ये चेन्नईलाही ते झाले. अशी दुकाने सगळीकडे झाली तर खाण्यापुरते लाउंजचे कारण उरणार नाही.

आणि विमानाला उशीर झाला तर? लाउंजपेक्षा हा नियम पाठ करावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली तो केला आहे. तुम्ही वेळेवर हजर होऊन चेक-इन केले असेल, तर जवळच्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाल्यास कंपनीने खाणे-पिणे फुकट द्यायचे असते. मधल्या पल्ल्याला हीच मर्यादा तीन तास, लांबच्या पल्ल्याला चार तास. काउंटरवर जाऊन मागावे लागते. आपण मागायला लाजतो, आणि शेजारचा सुटाबुटातला माणूस निःसंकोच घेऊन येतो.

लाउंज अगदीच निरुपयोगी असे मी म्हणणार नाही. मधल्या देशात विमान बदलायला सहा-सात तास थांबायचे आहे, अंगावर लहान मूल आहे, किंवा उतरल्यावर थेट मुलाखतीला जायचे आहे, तर पैसे वसूल होतात. मात्र दर आणि किती तास बसू देणार, हे आधी विचारून घ्यावे.

दाजींनी माझा सगळा हिशोब ऐकून घेतला. मग म्हणाले, "तुमचं बरोबर हाय पाव्हणं. पण काचंच्या पलीकडं ती एकटी जाणार. आम्ही हितं." आणि त्यांनी नोटा मुलीच्या पर्समध्ये घातल्या. मला राग आला. घाटकोपरला आमच्या मावशीचे घर आहे. मला आधी सुचते तर तिथे संध्याकाळी उतरलो असतो, दहा बाय बाराच्या खोलीत का होईना, पोरीने अंघोळ केली असती, गरम भाकरी खाल्ली असती, आणि अकराला निघालो असतो. पाच तासांचा कठडा वाचला असता आणि तीन हजारही. मुंबईत नातेवाईक नाही असे घर आपल्या दोन तालुक्यांत शोधून सापडायचे नाही. ज्यांचे पोर जाणार असेल त्यांनी हे आधी ठरवावे.

पहाटे दोन वाजता दाजींच्या मोबाइलवर फोटो आला. मऊ खुर्ची, समोर चहाचा कप, आणि ती. दुसऱ्या दिवशी यार्डात तो फोटो किती जणांनी पाहिला ते मंचरला विचारावे.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला तेव्हा मी विचारले, तीन हजारांचे काय खाल्लेस? म्हणाली, "काही नाही मामा, फक्त चहा. पोटात गोळा आला होता. पण घाटात भिजलेले कपडे अंगावरच वाळले होते ना, तिथं गरम पाण्यानं हातपाय धुतले, कपडे बदलले, दहा मिनिटं दार लावून रडले. मग बरं वाटलं." ओल्या कपड्यांची बाब माझ्या हिशोबात नव्हती. कपडे साध्या बाथरूममध्येही बदलता आले असते, असे म्हणणार होतो, म्हटले नाही.

येत्या महिन्यात आमच्या वस्तीतले एक वृद्ध जोडपे मुलाकडे दुबईला चालले आहे. आजीचे गुडघे गेलेले आहेत. मुलाने तिकडून विचारले, लाउंजचे पैसे भरू का? मी त्याला कळवले की त्याऐवजी विमान कंपनीला दोन दिवस आधी सांगून व्हीलचेअर मागून घे. चालता न येणाऱ्या माणसाकडून तिचे पैसे घेता येत नाहीत, आणि ढकलणारा माणूस तपासणीतून थेट विमानाच्या दारापर्यंत सोबत असतो. आजींनाही समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, "बरं, पण भाकरी नेऊ देत्यात ना?"

देतात म्हटले. चटणी कोरडी करा.