छापील प्रतिपिंडे आणि अल्पखर्चिक रोगनिदान

प्रस्तावना

पुण्यातील मायलॅब कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ या संचास मे २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मान्यता दिली. घरीच कोरोनाची चाचणी करण्याचा हा देशातील पहिला मान्यताप्राप्त संच होय. त्याची किंमत २५० रुपये होती व निकाल सुमारे १५ मिनिटांत मिळत असे. जैविक द्रव्याची रेषा पट्टीवर छापणे हा अशा चाचण्यांचा पाया आहे. प्रस्तुत लेखात या तंत्राचे स्वरूप व मर्यादा पालघर जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट केल्या आहेत.

छपाईचे तंत्र

नायट्रोसेल्युलोजच्या सच्छिद्र पटलास प्रथिने घट्ट चिकटतात. त्यामुळे शाईऐवजी प्रतिपिंडांचे द्रावण भरलेले यंत्र त्यावर बारीक रेषा आखू शकते. सामान्यतः एक सेंटिमीटर रेषेस सुमारे एक मायक्रोलिटर द्रावण लागते. या हिशेबाने एक मिलिलिटर द्रावणात दहा मीटर रेषा आखली जाते. चार मिलिमीटर रुंदीचे तुकडे कापल्यास तीतून २५०० पट्ट्या तयार होतात. प्रतिपिंडे महाग असूनही पट्टी स्वस्त पडते, ती यामुळेच.

हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये साध्या कागदावर द्रवाचे मार्ग आखून मूत्रातील ग्लुकोज व प्रथिने यांची एकत्र चाचणी करून दाखविली. पुढे हे मार्ग मेण छापूनही तयार करता येऊ लागले.

निकालाचे वाचन

हिवतापाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब व विद्रावक टाकले असता सुवर्णकणांशी जोडलेली प्रतिपिंडे द्रवासोबत पुढे सरकतात. फाल्सिपेरम परजीवीचे एचआरपी-२ हे प्रथिन रक्तात असल्यास ते चाचणी रेषेवर अडते व लाल रेषा उमटते. दुसरी, नियंत्रण रेषा मात्र परजीवी असो वा नसो, उमटलीच पाहिजे.

मर्यादा

येथेच एक गैरसमज संभवतो. नियंत्रण रेषा द्रव नीट वाहिल्याचे सांगते. चाचणी रेषेवरील प्रतिपिंडे शाबूत आहेत, याची ती हमी देत नाही. उष्णता व दमटपणा यांमुळे ती निकामी झाल्यास नियंत्रण रेषा उमटूनही निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो आणि फाल्सिपेरम हिवतापाचा उपचार लांबणे जिवावर बेतू शकते. विरार पूर्वेकडील चंदनसारसारख्या किनाऱ्याजवळच्या वस्तीत पावसाळी दमट हवा असते, तर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत संच न्यायचा तर उन्हातील लांबचा प्रवास असतो. म्हणून पट्टी शोषकासह बंद पाकिटात ठेवणे, ते चाचणीच्या वेळीच उघडणे, साठवणुकीचे तापमान पाळणे आणि लक्षणे कायम राहिल्यास सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासणे अगत्याचे ठरते.

समारोप

छपाईमुळे निदान स्वस्त झाले. ते विश्वसनीय राहणे मात्र साठवणुकीवर व प्रशिक्षित आशा स्वयंसेविकेवर अवलंबून आहे. खरेदीच्या वेळी केवळ पट्टीची किंमत न पाहता ती पाड्यापर्यंत सुस्थितीत पोहोचविण्याचा खर्चही हिशेबात धरला, तरच या तंत्राचा लाभ गरजूंना होईल.