गहू पेरला, डॉक्टर उगवले!

नवा देश, नवी भाषा आणि बहुतेकांनी कधी हातात न धरलेला नांगर! 1889 साली रशियन साम्राज्यातून आठशेच्या वर ज्यू माणसं ‘वेसर’ या जहाजानं अर्जेंटिनात उतरली. कबूल केलेली जमीन मिळालीच नाही. रेल्वे स्टेशनाजवळ कसेबसे दिवस काढताना साथ आली आणि कितीतरी चिमुकली दगावली.

तरी त्याच वर्षी त्यांनी गाव वसवलं. मोशे प्रेषिताच्या नावावरून त्याचं नाव पडलं ‘मोइसेस व्हिल’. मुलं तिथल्या गाउचोंकडून, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांकडून, घोडा पळवायला शिकली. बाहेर स्पॅनिश, घरात मात्र आजीची यिद्दिश! शनिवारी नांगराला सुट्टी. आपल्या कोकणातले बेने इस्राएलही शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

पुढे मुलं शिकली, शहरात गेली. ‘गहू पेरला, डॉक्टर उगवले’ अशी म्हणच पडली! आज गावात ज्यू घरं थोडीच उरलीत, यिद्दिश तर फारच कमी कानावर येते. शेत सुटलं तरी पुन्हा घेता येतं. आजीची बोली सुटली, तर शिकवणार कोण? तुमची आजी कुठली बोली बोलते? आजच तिच्याजवळ बसा आणि ऐका!