शरीराचं वय (लेखांक ६) : हार्मोन कुणाला द्यायचं?

मागच्या आठवड्यात थायरॉइड झाली. आज ज्यांच्यावर ‘तारुण्य परत मिळवा’ अशी पाटी लावून धंदा चालतो, ती हार्मोन्स.

जानेवारीची सकाळ, डोंबिवलीहून सुटलेली लोकल, महिलांचा डबा. अशातही एखादीच्या अंगातून वाफा निघतात, मानेवरून घाम ओघळतो, छाती धडधडते. शेजारची म्हणते, ‘बीपी तपासून घे गं.’ पंचेचाळिशीच्या आसपास हे बीपीपेक्षा पाळी जाण्याचं लक्षण असण्याचीच शक्यता जास्त. बीजकोशांतलं इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, म्हणजे नोकरी, मुलांची बारावी आणि सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ऐन भरात असताना.

या वाफांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी औषध दुसरं नाही. गोळी, जेल किंवा पॅच. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जाऊन कॅन्सरचा धोका.

तरी बायका घाबरतात, आणि कित्येक डॉक्टरही. कारण २००२. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेली चाचणी त्या वर्षी मध्येच थांबवली गेली. एकत्रित हार्मोन्स घेणाऱ्या दहा हजार जणींमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त निघाल्या. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, ही गोष्ट मथळ्यांत आली नाही. पुढे वयोगट सुटे करून पाहिल्यावर चित्र बदललं : साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली आणि त्रास खरोखर असेल, तर बहुतेकींना फायदा जास्त. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना मात्र नाही. आणि ‘स्मरणशक्ती टिकावी म्हणून’ पासष्टीनंतर सुरू करणं तर उलटंच : त्या वयाच्या बायकांत एकत्रित गोळीने स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुप्पट झालेलं दिसलं.

पुरुषांची हौस याहून जुनी. १८८९मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञाने बहात्तराव्या वर्षी कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद परतल्याचं जाहीर केलं. अर्क पाण्यातला; त्यात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतंच. परतला होता तो विश्वास! शंभर वर्षांनी, १९९०मध्ये, साठी उलटलेल्या जेमतेम २१ पुरुषांच्या अभ्यासात ग्रोथ हार्मोनने चरबी घटली, स्नायू वाढले, आणि तेवढ्यावर दुकानं उघडली. पुढच्या चाचण्यांत स्नायू वाढूनही ताकद फारशी वाढली नाही. सांधे दुखले, साखर चढली. उंदरांमध्ये तर ग्रोथ हार्मोन नसलेलेच जास्त जगतात. टेस्टोस्टेरॉनचंही तसंच. खरी कमतरता असेल तर ते औषध आहे. पण हाडं बळकट होतील या आशेने पाहिलेल्या पाच हजारांवर पुरुषांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांचीच हाडं जास्त मोडली.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ज्यांना हार्मोनची खरी गरज, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अनेकजणी चाळिशीच्या आतल्या. अशा ऑपरेशनमध्ये बीजकोशही गेले असतील, तर इस्ट्रोजेन रातोरात संपतं, हाडं आणि हृदय वेळेआधी थकतात. इथे हार्मोन देणं ही चैन नाही. एरवी पाळी जाण्याचं जे वय, तिथपर्यंत ते देणं हाच उपचार.

मराठवाड्यातून आलेली कुटुंबं ठाण्या-कल्याणच्या वस्त्यांतही आहेत. तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंची ‘पिशवी’ तरुणपणीच काढली असेल, तर त्यांचं डिस्चार्ज कार्ड एकदा मागून पाहा. बीजकोश ठेवले की काढले, हे त्यावर लिहिलेलं असायला हवं. काढले असतील तर कार्डासकट त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

(पुढील आठवड्यात : हाडांची घनता)