झाडाखालची आगगाडी

२०१८ सालच्या नाताळात मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, बहिणीकडे होतो. शेजारच्या आजोबांनी माळ्यावरून एक खोके उतरवले, आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एकेक चीज बाहेर येऊ लागली. लायोनेलची विजेची आगगाडी! त्यांच्या वडिलांनी १९४९ साली घेतलेली.

ही लायोनेल कंपनी १९०० साली न्यूयॉर्कात निघाली. तिची पहिली गाडी खेळणे नव्हतीच. दुकानाच्या काचेआड फिरून तिने गिऱ्हाईक खेचायचे. पण गिऱ्हाइके माल सोडून गाडीच मागू लागली म्हणे!

नाताळच्या झाडाखाली कापसाचे बर्फ, चिमुकली घरे, आरशाच्या तुकड्याचे तळे. तिथल्या जर्मन वंशाच्या लोकांत या देखाव्याला 'पुट्झ' म्हणतात. मला आपल्या पोरांचा दिवाळीतला किल्ला आठवला. मात्र किल्ला दरसाल नव्या मातीचा. गाडी तीच, तिला जपावे लागते. रूळ तीन. मधल्यातून वीज इंजिनाला पोचते, कडेच्यांतून परत जाते. गंज चढला की गाडी अडलीच! म्हणून आजोबा स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसत बसले. तारेची घासणी वर्ज्य, बरं का. तिचे कण मोटारीत शिरतात.

गाडी सुटली, आणि झाडामागे अडली. आजोबांना वाकवेना. नऊ वर्षांचा नातू पोटावर सरपटत गेला आणि रुळांचा सुटलेला सांधा त्याने दाबून बसवला. गाडी धावू लागली.

"आता मी चालवू?"

"पुढच्या वर्षी," आजोबा म्हणाले. वेगाची मूठ त्यांनी सोडली नव्हती.

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात," स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला.